खास तुमच्यासाठी बनवलेली औषधे: उतारवयात ती घ्यावीत का?

वाचकांचे पत्र

मी ६६ वर्षांची आहे. मूळची सांगलीची, पण गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहते. पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली. झोप तुटक लागते, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, वर्षातून तीन-चार वेळा लघवीचा संसर्ग होतो आणि जमिनीवर बसले की उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया येत्या काही महिन्यांत करायचे ठरते आहे. रक्तदाबासाठी डिल्टियाझेम घेते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ‘निरोगी वार्धक्या’साठी उपचार देणाऱ्या एका ऑनलाइन क्लिनिककडे गेले. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला, लाळेची तपासणी केली, व्हिडिओवर थोडा वेळ बोलले आणि ‘खास माझ्यासाठी’ बनवलेल्या औषधांचा खोका पाठवला. त्यात हातावर चोळायची इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची क्रीम, डीएचईएच्या कॅप्सूल, कमी मात्रेचे नाल्ट्रेक्सोन आणि आठवड्यातून एकदा घ्यायचे रॅपामायसिन आहे. महिन्याला जवळपास चारशे डॉलर जातात. क्रीम महिनाभर लावते आहे, बाकीचे अजून सुरू केलेले नाही. मुलगा म्हणतो सगळे बंद कर. मैत्रीण म्हणते तिला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे वाटते. आमच्या ह्यांनाही (वय ७०) तिथूनच टेस्टोस्टेरॉन मागवायचे आहे. दिवसभर तीन वर्षांच्या नातवाला मी सांभाळते, तेवढी ताकद अंगात राहावी एवढीच इच्छा आहे. काय करावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हातावर लावलेले इस्ट्रोजेन पूर्णपणे त्वचेत जिरत नाही. काही अंश वरच राहतो आणि ज्याला आपण उचलून घेतो त्याच्या अंगाला लागतो. बाहूवर फवारायच्या एका मान्यताप्राप्त इस्ट्रोजेन औषधाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१० मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. घरातल्या लहान मुलामुलींमध्ये स्तनांची वाढ आणि अकाली वयात येण्याची लक्षणे दिसली होती. तुम्ही नातवाला दिवसातून किती वेळा कडेवर घेत असाल! तेव्हा क्रीम लावणे आजपासून थांबवावे आणि उद्या तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून तसे कळवावे. नातवाच्या डॉक्टरांच्याही कानावर ही गोष्ट घालावी. घाबरण्यासारखे काही असेलच असे नाही, पण त्यांना माहीत असायला हवे. या महिन्यात तुम्हाला थोडासा जरी रक्तस्राव किंवा डाग दिसला असेल, तर ते फोनवरच सांगून लवकरची वेळ मागावी. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव कितीही किरकोळ वाटला तरी तो तपासूनच घ्यावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्या लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर औषध कालवून बाटलीत भरत आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत. अमेरिकेतल्या कंपाउंडिंग फार्मसी हे त्याच कामाचे आजचे रूप आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार एका विशिष्ट रुग्णासाठी औषध तयार करणे हे काम कायदेशीर आहे आणि त्याची गरजही खरी आहे. पक्षाघातानंतर ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांना तेच औषध पातळ करून द्यावे लागते. एखाद्याला गोळीतल्या रंगाची ॲलर्जी असते, एखाद्याला कारखान्यात बनते त्याहून फार कमी मात्रा हवी असते. प्रोजेस्टेरॉनची जी मान्यताप्राप्त कॅप्सूल अमेरिकेत मिळते तिच्यात शेंगदाण्याचे तेल असते, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या स्त्रीसाठी दुसऱ्या तेलात बनवलेली कॅप्सूल ही खरोखरच तिच्यासाठीची वस्तू ठरते. या प्रत्येक उदाहरणात रुग्णाच्या शरीराची एक नेमकी अडचण आहे आणि बाजारातले औषध ती भागवू शकत नाही. तुमच्या खोक्यातल्या प्रत्येक डबीला मी हाच प्रश्न विचारणार आहे: तुमची कोणती अडचण अशी होती, जी तयार औषधाने भागली नसती?

हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, कंपाउंड केलेले औषध घेताना आपण एक मोठे संरक्षण सोडून देतो. अशा औषधाला एफडीएची मान्यता नसते, म्हणजे ते विक्रीला येण्यापूर्वी त्याची सुरक्षितता, परिणामकारकता आणि दर्जा या संस्थेने तपासलेला नसतो. एकेका रुग्णासाठी औषध बनवणाऱ्या फार्मसींना कायद्याच्या ५०३-ए या कलमाखाली कारखान्यांचे उत्पादन-नियम लागू होत नाहीत. त्यांच्यावर मुख्यतः त्या त्या राज्याच्या फार्मसी मंडळाची देखरेख असते. औषधामुळे कुणाला त्रास झाला तर तो एफडीएला कळवणेही त्यांना बंधनकारक नाही. मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या केंद्रांसाठी ५०३-बी हे अधिक कडक कलम २०१३ मध्ये आले, त्यामागे मोठी दुर्घटना होती. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने बनवलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांत बुरशी निघाली. पाठदुखीसाठी मणक्याजवळ ती इंजेक्शने घेतलेल्या वीस राज्यांतल्या साडेसातशेहून अधिक लोकांना मेंदूज्वर आणि इतर संसर्ग झाले आणि साठहून अधिक माणसे दगावली. पाठ दुखते म्हणून इलाज करायला गेलेली ती माणसे होती. तुमच्या खोक्यात इंजेक्शन नाही, त्यामुळे हा विशिष्ट धोका तुम्हाला नाही. पण लेबलवर लिहिलेली मात्रा कॅप्सूलमध्ये खरोखर आहे का, हा प्रश्न मात्र तुमच्या खोक्यालाही लागू होतो, आणि त्याचे उत्तर रॅपामायसिनच्या बाबतीत फार बोलके आहे.

रॅपामायसिनची गोष्ट मोठी सुंदर आहे आणि तिच्यामुळेच लोक भुलतात. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून, म्हणजे रापा नुईवरून, आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हे द्रव्य मिळाले. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत ते वेगळे काढणारे आणि पुढे अनेक वर्षे चिकाटीने त्याचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ होते सुरेंद्र नाथ सेहगल, जन्माने भारतीय. १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये यासाठी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, उतारवयाला लागलेल्या उंदरांना ते खाऊ घातले तरी त्यांचे आयुष्य वाढते, आणि तेव्हापासून माणसांच्या दीर्घायुष्यासाठी त्याची चर्चा सुरू झाली. ती चर्चा अगदी खोटी नाही. अभ्यासक मंडळी खरोखरच या औषधाकडे आशेने पाहतात. पण माणसांवरचा पुरावा आज फार थोडा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्ल नावाच्या चाचणीत निरोगी माणसांना ४८ आठवडे दर आठवड्याला कंपाउंड केलेले रॅपामायसिन दिले गेले. पोटाच्या आतली चरबी कमी होते का, हा त्यातला मुख्य प्रश्न होता आणि तिच्यात लक्षणीय फरक पडला नाही. अधिक मात्रा घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्नायूंचे वस्तुमान आणि वेदना यांत काही सुधारणा दिसली, ती पुढे तपासण्याजोगी आहे.

याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. कंपाउंड केलेल्या कॅप्सूलमधून रक्तात पोचणारे औषध कारखान्याच्या गोळीच्या सुमारे एक-तृतीयांशच भरत होते. रॅपामायसिन जठरातल्या आम्लात टिकत नाही. कारखान्याची गोळी त्याला जपण्यासाठीच तशी घडवलेली असते, साध्या कॅप्सूलमध्ये भरलेल्या भुकटीला ते कवच नसते. म्हणजे लेबलवर सहा मिलिग्रॅम लिहिले असेल तर तुमच्या रक्तात किती पोचेल हे तुम्हाला, फार्मसीला आणि क्लिनिकला, कुणालाच निश्चित सांगता येत नाही. त्यातच तुम्ही डिल्टियाझेम घेता. यकृतात आणि आतड्यात ज्या विकराने (एन्झाइमने) रॅपामायसिनचा निचरा होतो त्याला डिल्टियाझेम अडवते, त्यामुळे रक्तातली पातळी चांगलीच वाढते. एका बाजूने किती कमी पोचते ते माहीत नाही, दुसऱ्या बाजूने किती वाढेल ते माहीत नाही. या औषधाने तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी वाढते, प्रतिकारशक्ती दबू शकते आणि जखमा सावकाश भरतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया जवळ आली असताना आणि मूत्रमार्गाचे संसर्ग वरचेवर होत असताना हे औषध सुरू करणे मला साफ चुकीचे वाटते. तुमच्या बीपीच्या गोळीचे नाव पाहून ज्यांनी हे थांबवायला हवे होते त्यांनी ते थांबवले नाही, आणि ‘खास तुमच्यासाठी’ या शब्दांवरचा माझा विश्वास तिथेच उडतो.

संप्रेरकांकडे, म्हणजे हार्मोन्सकडे, वळू. क्लिनिकने तुम्हाला ‘शरीरातल्यासारखीच’ संप्रेरके दिली, असे सांगितले असेल. ती तशी असतातही. पण तशीच, रेणू न् रेणू सारखी असलेली इस्ट्राडायोलची पट्टी आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल एफडीएच्या मान्यतेने साध्या औषधाच्या दुकानात मिळते, जेनेरिक स्वरूपातही मिळते. कंपाउंड क्रीममध्ये बहुधा इस्ट्रिओल हे इस्ट्रोजेनही मिसळलेले असते. अमेरिकेत ते असलेल्या एकाही औषधाला मान्यता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२० मध्ये या सर्व प्रकाराचा सविस्तर आढावा घेतला. कंपाउंड संप्रेरकांच्या उपयोगाचा आणि सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही, आणि मान्यताप्राप्त औषधातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असेल किंवा वेगळ्या स्वरूपातच औषध देणे भाग असेल तेवढ्यापुरतीच ती वापरावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. लाळेतली संप्रेरके मोजून मात्रा ठरवण्याची पद्धतही विश्वासार्ह मानली जात नाही. लाळेतली पातळी दिवसभर खालीवर होत असते.

माझी खरी काळजी मात्र प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमची आहे. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला एकटे इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका उत्पन्न होतो. तो टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉन देतात. पण त्वचेवर लावलेले प्रोजेस्टेरॉन अस्तराला पुरेसे संरक्षण देते याचा भरवसा नाही. म्हणजे दोन्ही औषधे घेऊनही प्रत्यक्षात एकटेच इस्ट्रोजेन घेतल्यासारखी स्थिती होऊ शकते, आणि रक्तस्रावाबद्दल मी सुरुवातीला विचारले ते यासाठीच. शिवाय संपूर्ण शरीरावर काम करणारी संप्रेरके पाळी जाऊन दहा वर्षे उलटल्यावर किंवा साठीनंतर नव्याने सुरू केली तर हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा हिशेब प्रतिकूल बाजूला झुकतो. पन्नाशीच्या आसपास, घामाच्या वाफांनी हैराण झालेल्या स्त्रीला मी वेगळे उत्तर दिले असते.

डीएचईए या संप्रेरकाबद्दल थोडक्यात सांगते. मेयो क्लिनिकमधल्या डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने वृद्ध स्त्री-पुरुषांना दोन वर्षे ते देऊन पाहिले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराची ठेवण, ताकद, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि जीवनमान, यांपैकी कशातही उपयोग असा दिसला नाही. ते शरीरात जाऊन पुरुष आणि स्त्री दोन्ही प्रकारच्या संप्रेरकांत बदलते, हे निराळेच. ती कॅप्सूल सोडून द्यावी.

नाल्ट्रेक्सोन हे मुळात व्यसनमुक्तीचे औषध. पन्नास मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि त्याहून बरीच कमी मात्रा हवी असेल तर ती कंपाउंड करूनच घ्यावी लागते, त्यामुळे या एका डबीपुरते कंपाउंडिंगचे कारण तरी समजण्याजोगे आहे. वार्धक्यासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर सतत दुखण्याच्या आजाराच्या) रुग्ण स्त्रियांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेवर ते निर्विवाद सरस ठरले नाही. तुमच्यासाठी मुद्दा त्याहून सोपा आहे. हे औषध अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम रोखते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस तीच वेदनाशामके लागतात. शरीरात नाल्ट्रेक्सोन असेल तर ती लागू पडणार नाहीत. ते सुरूच करू नये, आणि खोक्यात काय काय आले होते हे शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगावे.

तुमच्या मैत्रिणीला बरे वाटते, हे मी खोटे म्हणत नाही. पन्नाशीत नुकतीच पाळी गेलेली असेल तर इस्ट्रोजेनने तिची झोप खरोखर सुधारलेली असू शकते. पण तिच्या अनुभवावरून तुमच्या शरीराचा निर्णय घेता येणार नाही.

तुमच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींना इलाज आहे. खोक्यात नेमके तेच नव्हते, याचे मला वाईट वाटते. मूत्रमार्गाचे वारंवार होणारे संसर्ग हे अनेकदा रजोनिवृत्तीनंतर तिथल्या त्वचेतले इस्ट्रोजेन कमी झाल्याने होतात. त्यासाठी योनीमार्गात वापरायचे अगदी कमी मात्रेचे इस्ट्रोजेन हा मान्यताप्राप्त उपाय आहे. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे, आणि ते रक्तात नगण्य प्रमाणात जाते. आपल्या बायका या विषयावर डॉक्टरांशीही बोलायला संकोचतात आणि वर्षानुवर्षे प्रतिजैविके खात राहतात. तुम्ही स्पष्ट शब्दांत विचारा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व आणि विशेषतः बी-१२ तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ची कमतरता हे अगदी नेहमीचे कारण असते आणि ते भरून काढण्याचा खर्च महिन्याला काही डॉलरचा आहे. रात्री घोरणे किंवा श्वास अडखळणे असेल तर घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. तुटक झोपेचे आणि वाढलेल्या रक्तदाबाचे मूळ कधी कधी तिथे असते.

जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, याला मी या पत्रातले सर्वांत उपयोगी निरीक्षण म्हणेन. मांड्यांची ताकद उतरल्याची ती खूण आहे आणि ताकद परत मिळवता येते. सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ माणसांवर अमेरिकेत झालेल्या लाइफ या अभ्यासात, चालणे, ताकदीचे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमित केलेल्यांमध्ये चालण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कोणत्याही वार्धक्यरोधक कॅप्सूलच्या मागे एवढ्या तोलाचा पुरावा उभा नाही. शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांड्या बळकट केल्या तर नंतर सावरायलाही सोपे जाते. खुर्चीवर हात न टेकता उठणे-बसणे, एवढ्यापासून सुरुवात होते. जेवणात दोन्ही वेळा डाळ, उसळ, दही किंवा पनीर पुरेशा प्रमाणात असू द्या. आपल्या ताटात भात-पोळी भरपूर आणि प्रथिने चमचाभर, असे फार घरांत दिसते.

यजमानांच्या बाबतीत एवढेच सांगते की, वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या दोन रक्ततपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी आले आणि त्याची लक्षणेही असली, तरच त्यावर उपचारांचा विचार होतो, आणि तेव्हा मान्यताप्राप्त जेल किंवा इंजेक्शन उपलब्ध आहे. नुसता सत्तरीचा थकवा हे त्याचे कारण होत नाही. जेल घेतलेच तर नातवाचा मुद्दा तिथेही तसाच लागू आहे; त्या औषधावर याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापलेला असतो.

पुढे कधी खरोखरच कंपाउंड औषधाची गरज पडली, समजा शस्त्रक्रियेनंतर एखादी गोळी पोटाला सोसली नाही किंवा कॅप्सूलचे जिलेटिन चालत नाही म्हणून वनस्पतीजन्य आवरण हवे झाले, तर डॉक्टरांनीच फार्मसीशी बोलून ते लिहून द्यावे. त्या फार्मसीला न्यू जर्सीचा परवाना आहे का, कंपाउंडिंग फार्मसींचा दर्जा तपासणाऱ्या पीसीएबी या मंडळाची मान्यता आहे का, या खेपेत बनवलेल्या औषधाची मात्रा कुणी तपासली आणि लेबलवरची वापराची मुदत कशावरून ठरवली, हे फोनवर विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगली फार्मसी या प्रश्नांची उत्तरे विनातक्रार देते.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, असेल तर वर्षातून एकदा आरोग्य-आढाव्याची भेट विनामूल्य मिळते. त्या भेटीला घरातली सगळी औषधे, पूरक गोळ्या, काढे आणि हा खोकासुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना एकेक वस्तू बाहेर काढून पाहू द्या. फॉर्मवर ‘बीपीची गोळी’ लिहिण्याऐवजी प्रत्येक औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेला कागद सोबत असू द्या, आणि त्याची एक प्रत गुडघ्याच्या सर्जनकडेही द्या. क्लिनिकची मासिक वर्गणी आपोआप नूतन होत असेल तर ती ईमेलने लेखी बंद करा आणि उत्तर जपून ठेवा. उरलेली क्रीम आणि कॅप्सूल मोठ्या औषधदुकानांत असलेल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाका. तोवर ती नातवाच्या हाताला लागणार नाहीत अशा बंद कपाटात ठेवा.